सेल, साचा आणि साखळी

३० जून
शाळा उघडली. तांड्यावरची चौथीतली मुलगी हजर, पण कानातलं मशीन सारखं शिट्टी मारतंय. मशीन चांगलं आहे. पोरीचा कान वाढला, कानात बसणारा साचा तेवढाच राहिला. फटीतून निसटलेला आवाज मशीनचा माइक पुन्हा पकडतो, म्हणून शिट्टी. नवा साचा करायचा तर कानात लगदा भरून माप घेणारा माणूस हवा, आणि तो मानोऱ्यात नाही. त्यासाठी अकोल्याची फेरी म्हणजे आईची ऐन पेरणीतली मजुरी बुडाली.

४ जुलै
तिच्या घरी गेले. मशीन फडताळात, डबीत.
"सेल सरते म्हणून घरी काढून ठेवतो ना मॅडम," आई म्हणाली.
या सेलवर निळा कागद चिकटवलेला असतो. तो सोलला की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल कामाला लागतो. मग मशीन कानात असो की डबीत, तो झिजतच राहतो. आईच्या काटकसरीने सेल वाचत नव्हता, पोरीचं ऐकणं तेवढं बुडत होतं! रात्री सेलचं झाकण उघडं ठेवायचं, पावसाळ्यात डबीत ओल शोषणारी पुडी टाकायची, हे दाखवलं. शिबिरात मशीन वाटलं त्या दिवशी हे कुणीतरी सांगितलंही असेल. पण मंडपात, माइकच्या गोंगाटात, कोणाच्या लक्षात राहणार? आणि मशीन घरीही कानात हवंच: घरी बोलणं गोरमाटीत, शाळेत मराठीत. या पोरीला दोन्ही भाषा कानावर पडायला हव्यात, आणि घरची भाषा तर घरीच पडणार.

११ जुलै
पाऊस. पोहरादेवीच्या रस्त्यावर ओळखीचे काका भेटले, हाताने चालवायच्या तीनचाकीवर. चाकांना काळी माती थापलेली, काडीने खरवडत होते. साखळी तुटली की सायकलवाला जोडून देतो, टायरही तोच बदलतो. त्यांच्या शेजाऱ्याची बॅटरीवरची तीनचाकी मात्र गोठ्यात उभी आहे, वर कोंबड्या. चार्जर गेला, इथे कुणाला उघडता येत नाही. बॅटरीची गाडी नकोच, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हातात जोर नाही त्याला साखळीचा काय उपयोग? पण गाडी देताना गावातल्या एका मेकॅनिकला ती शिकवायला किती वेळ लागतो?

ही साधनं बनवणारं कानपूरचं कृत्रिम अवयव महामंडळ १९७२चं, असं साहित्य देण्याची केंद्राची 'एडिप' योजना १९८१ची. मोजमाप शिबिर, मग वाटप शिबिर, हा रस्ता आता पक्का झालाय. त्यापुढचा रस्ता कच्चाच. वाटपाचे फोटो निघतात, दुरुस्तीचा फोटो कोण काढणार?

२३ जुलै
ग्रामपंचायतीत जाऊन आले. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लहान गावाचं उत्पन्न ते केवढं! वर्षाअखेर माणशी थोडे थोडे रुपये वाटून हिशेब मिटतो. यंदा त्यातून सेलची पाकिटं घ्या, साच्यासाठी जाण्या-येण्याचं भाडं द्या, असं सुचवलं. ग्रामसेवक भले माणूस. म्हणाले, "पैसे दिले तर सही घेता येते मॅडम. सेलचं ऑडिटला काय दाखवू?"
दुकानाचं पक्कं बिल आणि पालकांची सही, मी म्हटलं. अर्ज तिथेच बसून लिहिला, पोचही घेतली. ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेतो म्हणालेत. काकांनाही यायला सांगितलंय. सभेत माझ्यापेक्षा त्यांचा आवाज मोठा लागतो.