पान किती तास ओलं होतं?

ऑर्किडचं पान कुजायला लागलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं औषध मारू?’ दिंडोरीला द्राक्षबाग असलेल्या माझ्या मामांना मी फोटो पाठवला, तर त्यांनी मलाच विचारलं, “पान किती तास ओलं होतं?”

झाड आईचं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली तेव्हा सोबतच्या शिक्षिकांनी वर्गणी काढून दिलेलं जांभळं फॅलेनोप्सिस. पुढच्या ऑगस्टमध्ये, नाशिकला आठवडाभर ऊन दिसलं नव्हतं तेव्हा, खालून दुसऱ्या पानावर एक डाग आला. पाण्यात भिजलेल्या कागदासारखा, कडेला पिवळसर. डागाच्या कडेने मी मार्करने रेघ मारली. चोवीस तासांत डाग रेघ ओलांडून बोटभर पुढे गेला. दाबलं तर मऊ, आणि घाण वास.

ती रेघ कुणालाही मारता येते आणि तिच्यामुळे बरंच कळतं. उन्हाने भाजलेला डाग कोरडा असतो आणि रेघेच्या आतच राहतो. बुरशीचा डाग बहुधा हळू, दिवसादिवसांनी सरकतो. पाणचट, वास मारणारा आणि रातोरात पसरणारा डाग बहुतेक वेळा बॅक्टेरियाचा. त्यावर बुरशीनाशक कितीही फवारलं तरी उपयोग नाही. आणि सगळ्यात खालचं एकच जुनं पान सावकाश पिवळं पडत असेल, तर तो रोग नाही, त्याचं वय झालंय.

फॅलेनोप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो, पानांच्या मधोमध. कूज तिथे पोचली तर झाड सहसा संपतं. आमचा डाग तिथून चार बोटांवर होता.

मामांचा प्रश्न द्राक्षातून आलेला. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असते आणि तेव्हाच परतीचा पाऊस आला की डावणीची भीती. डावणीला सगळे बुरशी म्हणतात, पण शास्त्राच्या हिशेबाने ती खऱ्या बुरशीत मोडत नाही. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात चक्क पोहतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. ऑर्किडला काळी कूज आणणारा फायटोफ्थोरा तिच्याच गोतावळ्यातला. आमच्या पानातले बॅक्टेरिया वेगळे, पण त्यांनाही आत शिरायला ओलावाच लागतो. म्हणून शेतकरी पाऊस किती मिलिमीटर पडला एवढंच बघत नाही, पान कधी सुकलं तेही बघतो.

द्राक्षातलं बोर्डो मिश्रणही याच डावणीमुळे पुढे आलं. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडायचे. त्या वेलींवर डावणी कमी आहे हे मियार्देच्या लक्षात आलं आणि १८८५मध्ये त्याने ते मिश्रण जाहीर केलं. मामांच्या गोडाऊनमध्ये मोरचूद होतं, पण त्यांनी ते दिलं नाही. काही ऑर्किडना, विशेषतः डेंड्रोबियमला, तांबं सोसत नाही. “आधी काप,” ते म्हणाले.

कापायचं म्हणजे डागाच्या कडेवर नाही, दोन सेंटिमीटर पुढे, चांगल्या हिरव्या पानात. कूज डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते. आई बाजूला उभी होती. “एवढं हिरवंगार कशाला कापतोस?” मी ब्लेड गॅसवर तापवलं, गार होऊ दिलं, कापलं, पुढच्या कापाआधी पुन्हा तापवलं. शेजारच्या पानावरही ठिपका निघाला, तेही गेलं. कापलेल्या कडेवर दालचिनीची पूड लावली. ती जखम सुकवते; मुळांना मात्र लावायची नाही, त्यांनाही सुकवते. तुकडे कुंडीत न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात. पाचाची तीन पानं उरली. आई काही बोलली नाही, स्वयंपाकघरात गेली.

मग तासांचा हिशेब. सह्याद्रीत झाडांवर सीतेची वेणी नावाचं ऑर्किड फुलतं. ते आमच्या बाल्कनीपेक्षा कितीतरी जास्त पाऊस झेलतं आणि कुजत नाही, कारण मुळं उघड्या सालीवर असतात आणि वारा लागला की सगळं लगेच सुकतं. फॅलेनोप्सिसही रानात फांदीला तिरकं लटकतं. मधल्या खोबणीत पाणी साचतच नाही. कुंडीत आपण त्याला सरळ उभं करतो, म्हणजे पानांची वाटीच तयार होते. आई तुळशीला संध्याकाळी पाणी घालायची, तेव्हा याच्यावरही प्रेमाने शिंपडायची. पावसाळी रात्री ते पाणी सकाळपर्यंत तसंच राहायचं.

आता कुंडी तिरकी ठेवलीय. ओलं मॉस काढून साल आणि कोळसा भरलाय. पाणी सकाळीच, मुळांना. वाटीत थेंब राहिला तर टिश्यूने टिपायचा. पावसाळी दिवसांत छोटा पंखा चालू. हे सगळं आता आईच करते, टिश्यूचा डबा तिने खिडकीतच ठेवलाय.

जानेवारीत मधून नवं पान निघालं. फॅलेनोप्सिसला फुलाची दांडी यायला काही आठवडे थंड रात्री लागतात, त्या नाशिकमध्ये भरपूर. पण तीन पानांच्या झाडाकडून यंदा फुलं मागायची नाहीत, असं आईनेच ठरवलंय. त्या शिक्षिकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिने तिथे नव्या पानाचा फोटो टाकला, नखाएवढं होतं तेव्हाच.