पेन्सिलीतले सहा आकडे

शेजारच्या म्हाताऱ्याला गुडघ्यांमुळे आता डोंगर चढवत नाहीत, म्हणून त्याने शिकारीची वही माझ्या हवाली केली. न्यूझीलंडच्या कैमानावा डोंगरातली त्याची ठेवणीतली ठिकाणं. ‘६८४ १९३, ओढ्यावरचं गवत, संध्याकाळी नर.’ बस, एवढंच. (शिकार म्हटलं की भारतातले नातेवाईक दचकतात, आपल्याकडे १९७२च्या कायद्याने ती बंद. इथे सिका हरणं १९०५ साली बाहेरून आणून सोडलेली, रान ओरबाडणारी; सरकारच परवाना देतं.)

पहिले तीन आकडे पूर्वेचे, पुढचे तीन उत्तरेचे. मिळून शंभर मीटरचा चौकोन. सुरुवातीचे लाखांचे आकडे गाळलेले, त्यामुळे नकाशा कुठला ते कळल्याशिवाय नोंद कुचकामी. त्यात २००९मध्ये इथले नकाशेच बदलले: जुनी २६० मालिका जाऊन टोपो५० आली, चौकटींची जाळी नवी, तिच्याखालचा डेटमही (मोजणीचा मूळ आधार) नवा.

गणित हाताने करावं लागत नाही. जीपीएसच्या सेटिंगमध्ये आधी जुनी जाळी आणि १९४९चा डेटम निवडायचा, मग पूर्ण आकडे भरायचे: २७६८४५०, ६२१९३५०. शेवटचे पन्नास माझे, कारण सहा आकडे चौकोनाचा नैर्ऋत्येचा कोपरा सांगतात आणि मला मध्य हवा असतो. बिंदू साठवला की सेटिंग नव्या जाळीवर आणायचं. बिंदू जागचा हलत नाही, पडद्यावरचे आकडे तेवढे बदलतात. पूर्वेचा आकडा साधारण नऊ लाख दहा हजारांनी आणि उत्तरेचा पाच लाख साठ हजारांच्या पुढेमागे उतरला की समजायचं, जमलं. डेटम चुकला तर फरक दोनशेएक मीटरचा. ऐकायला किरकोळ, पण बीच झाडांच्या दाट रानात तेवढ्याने ओढ्याची भलती बाजू पदरी पडते. मोठी चूक लगेच डोळ्यांत भरते. ही भरत नाही, म्हणून मी प्रत्येक बिंदू कागदी टोपो५०वर समोच्च रेषांशी ताडून बघतो.

वहीची पहिली पानं मात्र मीटरच्याही आधीची, यार्डाच्या जाळीतली. माझ्या यंत्रात ती सोयच नाही. मग नवा नकाशा टेबलावर पसरला आणि म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. ओढ्याच्या फाट्यावर बोट ठेवलं, धारेने वर नेलं आणि म्हणाला, ‘‘इथे. आणि सकाळी जाऊ नकोस, वारा खालून येतो.’’

वाऱ्याचं तेवढं बिंदूच्या नावात लिहून घेतलं.