तांदळाएवढी आई

चिमूरला बालाजीच्या घोडायात्रेत पडदा टांगून फोटो काढणारे काकाजी लगनसराईत गावोगाव हिंडत. कॅमेरा याशिका मॅट. पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरून काचेत बघायचं. काचेत डावीकडची नवरी उजवीकडे दिसायची. एका रोलमध्ये फोटो बारा, म्हणून बटण दाबण्याआधी माणसं उभी करण्यातच वेळ जाई. उंच मागे, म्हाताऱ्या खुर्चीवर, पोरं पुढे सतरंजीवर. "मामाजी, टोपी वर घ्या, कपाळ दिसू द्या." एकाचाही चेहरा झाकला असेल तर बटण दाबत नसत.

दहावीनंतर मी त्यांच्या फ्लॅशगनची बॅटरी खांद्याला अडकवून फिरलो. मग नागपूरला दोन वर्षं काढून परतलो तो कँडिडचं वारं घेऊनच. १९३७ साली लंडनला राज्याभिषेकाला गेलेल्या फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँनं राजाचा एकही फोटो काढला नाही, सगळी गर्दीच टिपली, हे मी काकाजींना ऐटीत सांगितलं.

"बरं केलं बाप्पा त्यानं. पण राजाचे काढाले दुसरे होते ना तिथं?"

कँडिड वाईट नाही. पाठवणीच्या वेळी मांडवाच्या बल्लीला टेकून उभा राहिलेला नवरीचा बाप रांगेत सापडत नाही, तो टिपावाच लागतो. प्री-वेडिंग मात्र मला जमलं नाही. ताडोब्याच्या वाटेवर भाड्याचा गाऊन घातलेली पोरगी आणि झुडपामागून धूर सोडणारा माणूस बघून मलाच कानकोंडं होतं.

बहिणीच्या लग्नात मी सगळे फोटो कँडिडच काढले. पुढे आई गेली, तेव्हा हार घालायला फोटो मिळेना. फोटोवाल्याच्या घरात! पंगतीत वाढताना वाकलेली, पाठमोरी, हसताना तोंडाला पदर लावलेली आई होती. चेहरा एकातही पुरता नव्हता.

सत्तरीतल्या काकाजींनी पेटी उघडली, वहीत नंबर पाहिला आणि बटर पेपरमधून माझ्या मामाच्या लग्नाची निगेटिव्ह काढली. भिंग लावलं. तिसऱ्या ओळीत आई, चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. याशिकाची निगेटिव्ह पस्तीस एमएमच्या साडेतीन पट मोठी, म्हणूनच निभावलं. धूळ खात पडलेला एन्लार्जर पुसून ते रात्रभर बसले. लाल दिव्याखाली ट्रे हलवत होतो. आधी केस उमटले, मग कुंकू, मग थेट माझ्याकडे बघणारे डोळे. फोटो दाणेदार आला, पण आई आली.

पैशाचं नाव काढू दिलं नाही. एवढंच म्हणाले, "पयले सगळ्यायले रांगेत उभं करत जा. मंग काढ तुह्या मनाचे." तेव्हापासून तसंच करतो. नव्या पोरांना ते जुनाट वाटतं, वाटू दे.

आईच्या खांद्याशी कुणाच्या तरी लुगड्याचा काठ राहिला होता. ब्रशनं झाकू का, विचारलं. काकाजींनी चष्मा वर करून पाहिलं.

"राहू दे. तुह्या मामीची माय हाय ते."