बाळंतिणीच्या पोटावरचा हात

बाळंतीण घरी आली की सगळं घर पाळण्याभोवती जमतं. मी आधी बाजेकडे जाते. कर्नाटकाच्या सीमेवरच्या भालकी-औरादच्या खेड्यांत नर्स म्हणून फिरताना लागलेली ही सवय.

तिला लघवीला जाऊन यायला सांगते, कारण मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय वर सरकतं. मग गुडघे दुमडून निजवायचं आणि तळहाताची कड पोटावर अलगद दाबायची. बाळंतपण झाल्या झाल्या गर्भाशय बेंबीच्या आसपास, कवठासारखं टणक लागायला हवं. पुढे रोज साधारण बोटभर उतरतं. किलोभराचं असलेलं ते दीड महिन्यात 100 ग्रॅमच्या आत येतं. मऊ लागलं, अंगावरून गाठी जात असल्या किंवा घाण वास येत असला, तर ताबडतोब दवाखाना. पोटपट्ट्यानं गर्भाशय आकसत नाही. बाळ पाजताना ओटीपोटात कळ येते ना, तेव्हा आकसतं. एवढं समजलं तरी पोरींची निम्मी भीती जाते.

मालिशवाल्या मावशींच्या हाताला मी मानते. कोमट करडईचं तेल घोट्याकडून वर चोळत नेलं की थकलेली बाई तिथंच डोळे मिटते. त्यांना एकच विनवते: एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर हात लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल.

खरी झुंज पाण्याची. पाणी प्यालं की पोट सुटतं म्हणे! इकडचं मे महिन्याचं ऊन, बाजेखाली शेक, कानाला फडकं, आणि पाजणाऱ्या बाईला पाणी मोजून? मला संताप येतो, पण सासूशी वाद घालत नाही. "अव्वा, ओवा-बडीशेप घालून उकळलेलं पाणी उशाशी ठेवा, संपलं की परत भरा," म्हणते. त्याला काढ्याचा मान मिळाला की कुणी अडवत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हाळीव, डिंकाचे लाडू सगळं उत्तम. पण लोहाच्या गोळ्या 180 दिवस हव्यातच.

आणखी एक अडचण सीमेची. 1956 साली राज्यांच्या फेररचनेत उदगीर-निलंगा तिकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले, भालकी इकडे राहिली. पण दोन्हीकडच्या सोयरिकी तशाच आहेत. पहिलटकरीण सीमेपलीकडे माहेरी जाते आणि तिचं कन्नडमधलं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्यांची नोंद, सासरच्या पेटीत राहतं. म्हणून निघतानाच ते तिच्या पिशवीत घालायला लावते.

दीड महिन्याच्या लसीला बाळ येतं, तेव्हा मी आईलाही बसवून घेते. पापणी ओढून बघते, रक्तदाब घेते, आणि खोकताना लघवी सुटते का, ते सासूला बाहेर पाठवून विचारते.