मेणाची कोळंबी

आई नागोयाला आली तेव्हा तिच्या बॅगेत दोन किलो ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि चार छोट्या काचेच्या बाटल्या होत्या. बाटल्यांकडं मी नंतर येते.

पहिल्या संध्याकाळी मी तिला स्टेशनखालच्या खाण्याच्या गल्लीत घेऊन गेले. जपानमध्ये बऱ्याच हॉटेलांच्या दारात काचेचं कपाट असतं आणि त्यात मेनूतला एकेक पदार्थ बशीत वाढून ठेवलेला असतो. वाफ सोडून सगळं असतं. रामेनच्या वाडग्यातून नूडल्सचा झुपका वर उचललेला, त्याला अडकून चॉपस्टिक्स हवेत उभ्या, धरणारा हात मात्र नाही. बिअरच्या ग्लासातून फेस ओघळायच्या बेतात. आई त्या कपाटापुढं दहा मिनिटं उभी होती.

"हे रोज सकाळी मांडतात? मग दुपारी खातं कोण?"

"खोटं आहे ते, आई. प्लास्टिक."

तिनं काचेला नाक लावलं, मग बाजूला झाली आणि हसली. "माझ्या नाकाला काय विचारायचं म्हणा!"

आईच्या नाकाची गोष्ट सांगायला हवी. सांगलीत विश्रामबागेत आमचं घर आहे आणि आजूबाजूला कॉलेजची पोरं. आई त्यांना डबे द्यायची, रोज बत्तीस. आमटीत मीठ किती पडलंय हे ती कधी चाखून बघत नसे, वासावरून सांगायची. २०२१च्या मे महिन्यात तिला कोविड झाला. ताप पाच दिवसांत गेला, त्याच्याबरोबर वासही गेला. काही महिन्यांनी तो परत आला तो वाकडा होऊन. कांदा परतला की तिला जळलेलं रबर यायचं, कॉफीला गटाराचा वास. डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम दिला : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं आणि तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचा. चार बाटल्या त्याच्या.

तरी डबे तिनं चालू ठेवले होते. पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी मटकीची उसळ उतरली आणि तिला कळलं नाही. अकरा डबे तसेच परत आले. बाराव्यानं खाल्ला होता, त्याला सलाईन लावावं लागलं. तो पोरगा दुसऱ्या दिवशी स्वतः सांगायला आला, "काकू, होतं असं कधीकधी." महिनाभरात आईनं डबे बंद केले. त्यावर ती कधी बोलली नाही. घरात फक्त प्रत्येक भांड्यावर चिकटपट्टी आली, तिच्यावर तारीख.

तर अशी आई जपानमध्ये, आणि शुद्ध शाकाहारी. पहिले दोन दिवस मी भात, भाजी, भाकरी घरीच केली. तिसऱ्या दिवशी फिरून फिरून पाय मोडले होते, दुपारचे तीन वाजलेले. एका कपाटात तिला उडोन दिसले. पांढऱ्या जाड शेवया, वर तळलेल्या टोफूचा त्रिकोण, कांद्याची पात. तिनं काचेवर बोट ठेवलं. "हे चालेल की. यात काय नाही."

या नमुन्यांचं हेच आहे, वरून दिसतं तेवढंच त्यांत असतं. उडोनचं ते तपकिरी पाणी म्हणजे दाशी, आणि ती साधारणपणे कात्सुओबुशीची असते. मासा वाळवून, धुरावून, त्याचा कीस काढून उकळतात. मला हे माहीत होतं. माझ्या नाकालाही दारातूनच कळलं होतं. मी म्हटलं, "हो, चालेल." मला भूक लागली होती, आणखी एक हॉटेल शोधायचा कंटाळा आला होता, आणि (हे लिहायला जड जातंय) मनात आलं होतं की हिला कुठं कळणार आहे.

तिनं सगळा वाडगा संपवला. "गरम गरम बरं वाटलं," म्हणाली.

त्यानंतर दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं? ती चिडली असती, एखादा उपास केला असता, संपलं असतं. पण सांगायचं म्हणजे "तुला वास येत नाही म्हणून" हेही सांगावं लागलं असतं.

शनिवारी मी तिला गुजो हाचिमानला नेलं. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. नागोयाहून बसनं, गिफू प्रांतातल्या डोंगरांत. छोटं गाव, वर टेकडीवर किल्ला, खाली योशिदा नदी, आणि गल्लीगल्लीतून दगडी पाटांतून वाहणारं इतकं स्वच्छ पाणी की आई पहिल्यांदा वाकून हातच धुवायला लागली. एका पाटात हातभर लांबीचे मासे निवांत फिरत होते. ओबोनच्या दिवसांत इथं लोक चार रात्री उजाडेपर्यंत नाचतात. आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबर होता, नाच संपलेला, झाडं लाल झालेली.

पण मी तिला आणलं होतं ते या गावच्या दुसऱ्या धंद्यासाठी. काचेच्या कपाटातलं ते खोटं जेवण, त्याला जपानीत शोकुहिन साम्पुरु म्हणतात. शोकुहिन म्हणजे खाद्यपदार्थ आणि साम्पुरु म्हणजे आपलं 'सॅम्पल'. या धंद्याचं माहेर गुजो हाचिमान. इवासाकी ताकिझो नावाचा माणूस इथं १८९५ साली जन्मला. लहानपणी पाण्यात पडलेल्या मेणबत्तीच्या थेंबाचं फूल झालेलं त्यानं पाहिलं होतं, असं सांगतात. पुढं ओसाकात त्यानं बायकोनं केलेल्या ऑम्लेटवरून मेणाचं ऑम्लेट घडवलं आणि १९३२ साली तिथं या नमुन्यांचा धंदा सुरू केला. असे नमुने करणारा तो पहिला नव्हे, पण त्याचा मोठा उद्योग उभा केला तो त्यानं. काळही सोयीचा होता. मोठ्या शहरांतल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या भोजनगृहांत नवनवे विलायती पदार्थ येत होते. नावावरून काही कळायचं नाही. आधी काचेत बघायचं, मग कुपन घ्यायचं.

मला त्या ऑम्लेटच्या गोष्टीत बायकोचं पात्र आवडतं. खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे तिला म्हणे ओळखता आलं नाही. तिनं हुंगून बघितलं नसावं.

मेणाची अडचण अशी की काचेतल्या उन्हात ते वितळतं, रंग उडतो. म्हणून साधारण १९७०-८०च्या काळात ते मागं पडून प्लास्टिक आलं. हॉटेलवाला आपला खरा पदार्थ कारखान्यात पाठवतो, त्याच्या एकेका तुकड्याचा सिलिकॉनचा साचा काढतात, त्यात प्लास्टिक ओतून भट्टीत घट्ट करतात, मग ब्रशनं आणि फवाऱ्यानं रंग. मांसावरची चरबीची रेघ, टोस्टच्या कडेचा करपट डाग, हे सगळं अजून हातानं. ज्या हॉटेलचा कटलेट जरा जास्त तळलेला असतो, त्याचा नमुनाही तसाच जास्त तळलेला निघतो. प्रवाशांच्या वर्गात मात्र अजून मेणच वापरतात, कारण ते लगेच जमतं आणि चुकलं तर परत वितळवता येतं.

कार्यशाळेत लाकडी टेबलं, प्रत्येकापुढं कोमट पाण्याचा मोठा टब, एप्रन. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या. आम्हाला तीन टेम्पुरा आणि एक लेट्यूस करायचा होता. टेम्पुरासाठी आतला पदार्थ तयार मिळतो, आपण फक्त 'पीठ' लावायचं. टोपलीत भोपळ्याच्या फोडी होत्या, मश्रूम होते, कोळंबी होती. आईनं कोळंबी उचलली.

"आई, कोळंबी आहे ती."

"प्लास्टिकची आहे ना? मग प्लास्टिकचा भोपळा तरी कुठं शाकाहारी?"

बाईंनी पिवळसर मेणाची पळी भरली आणि पाण्यावर चांगली फूटभर उंचीवरून हलत्या हातानं ओतली. थेंब पाण्यावर आपटून फुटले आणि त्यांची जाळी झाली, हुबेहूब तळणीत सांडलेल्या पिठासारखी. त्या जाळीवर कोळंबी आडवी ठेवली, दोन्ही बाजूंनी बोटांनी जाळी वर ओढली, शेपूट बाहेर ठेवून हलकं दाबलं. संपलं. पंधरा सेकंद.

माझी पाळी आली. मी घाबरून पळी पाण्याजवळ धरली.

"तुझं धिरडं झालं की गं," आई म्हणाली.

मी बाईंचं बोलणं भाषांतर करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं पळी घेतली होती. तिनं हात उंच नेला, मनगट सैल सोडलं आणि धार न तोडता पुढंमागं फिरवली, बुंदी पाडताना फिरवते तशी. जाळी अशी पडली की शेजारच्या टेबलावरची दोन मुलं बघायला आली. बाई काहीतरी बोलल्या. "काय म्हणतात?" "विचारतायत, तुम्ही हे काम करता का." आई काहीच बोलली नाही. बोटांनी जाळी गोळा करत राहिली. तीन वर्षांत मी तिला इतकं सलग काही करताना पाहिलं नव्हतं.

मग लेट्यूस. पाण्यावर आधी पांढऱ्या मेणाचा पट्टा ओतायचा, त्याला लागून हिरव्याचा. दोन्हींची मिळून एक पातळ साय होते. ती दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच पाण्याखाली ओढायची. ओढता ओढता ती लांबते, तिला सुरकुत्या पडतात, पानाच्या शिरा आपोआप उमटतात. ती गोळा करून गड्डा वळायचा आणि गरम सुरीनं मधोमध कापायचा. आत पानावर पान, मधे पोकळ्या, खरा गड्डा असतो तशा. कापल्यावर आई तो अर्धा गड्डा हातात घेऊन बघत बसली.

"याला वास येतोय का गं?"

माझ्या आठवणीत त्या आजारानंतर तिनं हे कुणाला विचारायची ही पहिलीच वेळ.

"येतो. मेणबत्तीचा. विझवल्यावर येतो तसा."

"आणि त्या दिवशीच्या शेवयांना?"

मी टबातल्या पाण्याकडं बघत राहिले.

"नाकानं नाही कळलं," ती म्हणाली. "पण तू एकदा पण माझ्या वाडग्यात डोकावली नाहीस. एरवी माझ्या ताटातलं उचलल्याशिवाय तुझं जेवण होतं का?"

"मासा होता, आई. पाण्यात. मला माहीत होतं."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "सांगायचं गं. मला वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "त्या पोराच्या घरी मी फोन केला नव्हता. सलाईन लावलेल्या. त्याची आई कुठं तरी लातूरकडं होती. नंबर होता माझ्याकडं."

बाईंनी आमच्या वस्तू खोक्यात भरून दिल्या आणि बजावलं, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, वितळतील. आईला मी ते सांगितलं. "सांगलीत तर घरातसुद्धा वितळायचं," ती म्हणाली.

ती परत गेली त्याला आता सहा महिने झाले. लातूरच्या फोनचं काय झालं ते मी विचारलं नाही. जानेवारीपासून तिनं चार डबे घेतलेत, चारच, आणि साडेदहाला शेजारच्या काकूंना हाक मारते. काकू येतात, प्रत्येक पातेल्याचं झाकण उघडून हुंगतात, "झकास" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. लवंग तिला आता अधूनमधून लवंगेसारखी येते. कांदा अजून रबरच.

परवा काकूंनी दूध ठेवायला आमचा फ्रीज उघडला. मी व्हिडिओ कॉलवर होते, फोन ओट्यावर डब्याला टेकवलेला, मला फक्त छत दिसत होतं. काकूंचा आवाज आला.

"वहिनी! अहो, तुमच्या फ्रीजमध्ये कोळंबी?"

"उन्हाळा आहे ना," आई म्हणाली. "वास घेऊन बघा की."