आमच्या घरी पडली ‘रेड’!

‘रेड’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? इन्कम टॅक्सवाले ना? आमच्या डोंबिवलीच्या घरात मात्र महिनाभर वेगळ्याच रेडची चर्चा होती. बाबा रिटायर झाल्यापासून एका छोट्या पतपेढीचे मानद सचिव आहेत. तिथे नवा डेटाबेस सर्व्हर यायचा होता. चार टीबीच्या चार डिस्क. पण लावायच्या कशा, रेड ५ की रेड १०? बाबा म्हणाले, ‘‘अगं, मास कॉम केलंयस ना? मग आमच्या कमिटीला कळेल असं सांग!’’

तर मंडळी, एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कची टीम वापरा, ही आयडिया बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका पेपरात मांडली. रेड ५ मध्ये डेटासोबत त्याची ‘बेरीज’ही ठेवतात. एक आकडा पुसला गेला, तरी उरलेल्यांवरून तो काढता येतो. बेरजेत एका डिस्कएवढी जागा जाते, हातात १२ टीबी. रेड १० मध्ये प्रत्येक डिस्कला जुळी बहीण. हातात फक्त ८.

कमिटीचं मत अर्थातच १२ ला! पण संध्याकाळी पिग्मी एजंट परतले की छोट्या छोट्या नोंदींचा पाऊस पडतो. अशा एका नोंदीसाठी रेड ५ जुना डेटा वाचतं, जुनी बेरीज वाचतं, मग दोन्ही नव्याने लिहितं. चार कामं! रेड १० मध्ये दोनच. शिवाय डिस्क गेली, तर रेड ५ ला उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात. तेवढ्यात दुसरी गेली की खेळ खल्लास. रेड १० फक्त जुळ्या बहिणीची कॉपी करतं. आणि पतपेढीच्या डेटाला ८ टीबीसुद्धा ढगळच. मग ठरलं, रेड १०!

पण थांबा. २६ जुलै २००५ आठवतोय? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, इकडे उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापुरात. तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं, तर चारही डिस्क एकदमच बुडणार. आणि चुकून एखादी नोंद डिलीट झाली, तर जुळ्या बहिणीकडूनही ती त्याच क्षणी जाणार. म्हणून रोज रात्री एक बॅकअप दुसऱ्या शहरात, हे मी बाबांकडून लिहूनच घेतलं.

पिग्मीत रोज पन्नास रुपये टाकणाऱ्या भाजीवाल्या मावशींना रेड कशाशी खातात, ते ठाऊक नाही. त्यांना पासबुकातला आकडा बरोबर हवा, बस्स! उद्या ऑफिसात गेलात की तुमच्या सिस्टिमवाल्याला एवढंच विचारा, ‘‘बॅकअप घेतोस ते ठीक, पण तो उघडून शेवटचा कधी बघितलास?’’