उंच फटफटी आणि ठेंगणा स्वार

ईश्वरानें मला उंची पांच फूट दोन इंच दिली आणि प्रवासाची हौस मात्र सहाफुटी माणसाची दिली. या दोहोंचा मेळ घालण्यांत माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला आहे. शाळेंत मुलें मला वामन म्हणत. तेव्हां राग येई. पुढें पुराणें वाचूं लागल्यावर कळलें कीं, तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा तोच. आणि समुद्र एका आचमनांत पिऊन टाकणारे अगस्तिऋषीहि कांहीं ताडमाड नव्हते. परंतु वामनावर किंवा अगस्तीवर दोनशें किलो वजनाची फटफटी उतारावर उभी करण्याचा प्रसंग कधीं आला नाहीं. माझ्यावर तो आला, आणि रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, आगरदांड्याच्या धक्क्यावर आला. तो धक्का, ती फटफटी, आणि तिची उंची कमी करण्याची माझी खटपट यांची ही हकीकत आहे. माझ्या उंचीच्या वाचकांस ती उपयोगीं पडेल, आणि उंच वाचकांची करमणूक तरी खास होईल.

फटफटी मुळांत इतकी उंच कां असते, हें प्रथम सांगितलें पाहिजे. लांबच्या आणि वाईट रस्त्यांच्या प्रवासासाठीं जी गाडी काढतात, तिच्या चाकांना खांचखळग्यांतून खालींवर होण्यास भरपूर वाव लागतो. शिवाय एंजिनाचें पोट दगडाला घासूं नये म्हणून जमिनीपासून सुमारें वीतभर अंतर राखावें लागतें. २०१६ सालीं आपल्याकडे आलेल्या पहिल्या ‘हिमालयन’चें आसन जमिनीपासून ८०० मिलिमीटर उंच होतें, २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या हिमालयनचें ८२५ झालें. उलट चांगल्या रस्त्यावर आरामांत जाण्यासाठीं काढलेल्या ‘मिटिऑर’चें आसन ७६५ वरच आहे. या पस्तीस ते साठ मिलिमीटरांनीं काय होतें, असें उंच मनुष्य विचारील. त्या तीन बोटांच्या अंतरांत ठेंगण्याची सारी अब्रू सांठवलेली असते! माझी गाडी पहिल्या वर्गांतली. तिच्यावर बसलों म्हणजे दोन्ही पायांचे नुसते चवडे भुईला टेकत. मागें आमची सौ. बसली कीं गाडी किंचित् दबे, एवढाच काय तो आधार.

तीन वर्षांपूर्वीं माघांत आम्ही उभयतां श्रीवर्धनास निघालों होतों. मुरुडच्या पुढें आगरदांडा. तेथून राजपुरीची खाडी ओलांडली कीं पलीकडे दिघी. जमिनीवरून जावयाचें तर मोठा वळसा पडतो, म्हणून गाड्या, माणसें सर्वजण ज्या तरीनें जातात तिला इकडे ‘जंगलजेटी’ म्हणतात. धक्का पाण्याकडे उतरता. भरतीचें पाणी ओसरलें होतें आणि दगडावर शेवाळाचा हिरवा थर चढलेला होता. वरच्या सपाटीवर सौ.नें विचारलें, “अहो, उतरूं का मी?” मागें मोटारींची रांग, आजूबाजूस बघे. मीं म्हटलें, “कांहीं गरज नाहीं.” पुढची मोटार अकस्मात् थांबली, मीहि थांबलों, आणि आधारासाठीं उजवा पाय खालीं टाकला. तेथें भुई नव्हती; म्हणजे होती, पण माझ्या पायाहून चार बोटें खालीं. गाडी कलली, आणि दोनशें किलो एकदां कलले कीं ते सांवरण्यास भीमच हवा. मला खरचटलें. सौ.च्या मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें होता. त्या सहा आठवड्यांत तिनें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, हीच मोठी शिक्षा होती. प्लास्टर निघालें त्या दिवशीं ती एवढेंच म्हणाली, “गाडी विका असें मी म्हणत नाहीं. मी मात्र बसणार नाहीं.”

मीं सर्व दोष गाडीच्या उंचीवर ढकलला आणि ती उतरविण्याच्या मागें लागलों. शहरांतील एका कारखान्यांत मागच्या शॉक अॅब्सॉर्बरला चाकाच्या दांड्याशीं जोडणारी कडी बदलून घेतली. गाडीचा मागचा भाग पस्तीस मिलिमीटर खालीं आला. दोन्ही तळवे भुईवर सपाट टेकले, तेव्हां झालेला आनंद मुंज झालेल्या बटूच्या आनंदासारखा होता. तो आनंद फार टिकला नाहीं. एकटाच अलिबागेहून रेवदंड्याकडे निघालों. आक्षी, नागांव, चौल हा रस्ता म्हणजे नारळीपोफळीच्या वाड्यांमधून आणि जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारी वळणांची माळ. पूर्वीं जी गाडी मनांत येतांच वळे, ती आतां हट्टी बैलासारखी सरळच जाऊं पाही. कारण मागची बाजू बसल्यामुळें पुढचा दांडा अधिक आडवा झाला होता. गतिरोधकांवर पोट घासूं लागलें. सायंकाळीं समोरून येणारे लोक डोळ्यांवर हात धरून शिव्या देऊं लागले, तेव्हां समजलें कीं, मागें बसलेल्या गाडीचा दिवा आकाशाकडे पाहतो! शेवटीं कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईच्या पायथ्याशीं पोंचलों आणि गाडी बाजूच्या स्टँडवर लावली. गाडी बुटकी झाली होती, स्टँड पूर्वींइतकाच लांब होता. त्यामुळें ती डावीकडे टेकून न राहतां जवळजवळ ताठ उभी राहिली, आणि समुद्रावरून वाऱ्याची एक झुळूक येतांच उजवीकडे आडवी झाली. ज्या गांवांत पोर्तुगीजांच्या अमदानींतून उरलेली मिश्र बोली आजहि बोलतात, त्या गांवच्या मुलांनीं माझी गाडी उचलून दिली. त्या बोलींत ते जें काय बोलले तें मला कळलें नाहीं, हें बरेंच झालें.

परत येतांना अलिबागेस रिक्षांच्या गाद्या शिवणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे थांबलों. तो माझ्याहूनहि दोन बोटें ठेंगणा. त्यानें गाडीकडे न पाहतां प्रथम मला तिच्यावर बसविलें, आणि कमरेपासून मांडीच्या बाहेरून भुईपर्यंत एक सुतळी धरून दाखविली. पायाला सरळ खालीं जावयाचें नसतें. आसनाच्या कडेला वळसा घालून जावयाचें असतें. आसन पुढें जितकें रुंद, तितका तो वळसा मोठा आणि पाय तितका आंखूड. “कडी पूर्वींची बसवा,” तो म्हणाला, “गादी मी बघतों.” त्यानें पुढच्या बाजूचे दोन्ही खांदे तासले, उंची फक्त वीस मिलिमीटर कमी केली, आणि मऊ फेसाच्या जागीं घट्ट फेस भरला, नाहींतर पातळ गादीवर तासाभरांत माकडहाड बोलूं लागतें. मग मला बसवून तो म्हणाला, “सायेब, दोन पाय कशाला टेकवायचे? गाडीला स्टँड एकच असतो ना?”

हें वाक्य मीं पुष्कळ दिवस मनांत घोळविलें. थांबतांना कंबर किंचित् डावीकडे सरकवावी, डावा तळवा सपाट टेकावा, उजवा पाय ब्रेकवरच ठेवावा. ही विद्या मीं पन्नाशीनंतर शिकलों. तिची खरी मेख थांबण्याच्या आधींच आहे. आपला रस्ता मध्यें फुगीर आणि कडेला उतरता असतो. म्हणून शिष्टाचार म्हणून अगदीं कडेला थांबणाऱ्या ठेंगण्याचा डावा पाय अधिकच खोल जातो. त्यानें भुई पाहून थांबावें. एखादा दगड, पायरी, फरसबंदीची कड हेरून तिच्याशीं गाडी आणावी. उतारावर तोंड खालीं करून गाडी लावूं नये, कारण चवड्यांवर उभे राहून ती मागें ढकलतां येत नाहीं. जाड तळव्याचे बूट घ्यावेत. त्यांत लाज नाहीं. आणि लोखंडाला हात लावण्यापूर्वीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाचावें: नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करण्यास त्यांत मनाई आहे.

गेल्या माघांत सौ. पुन्हां मागें बसली. ती कां तयार झाली, हें मीं विचारलें नाहीं. नव्या आसनावर अंगणांत महिनाभर चाललेली माझी तालीम ती स्वयंपाकघराच्या खिडकींतून पाहत असे, एवढें मला ठाऊक आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास वाहनें नेणारी मोठी बोट मार्च २०२० मध्यें सुरू झाली आहे. तिनें शंभर किलोमीटरांचा रस्ता तासाभराच्या जलप्रवासांत आटोपतो. अलिबागेस ओहोटी होती, म्हणून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यांत चालत जाऊन आलों. या किल्ल्याचें नांव सबंध जिल्ह्याला होतें, तें १९८१ सालीं बदलून रायगड झालें. काशीदच्या सुरूंमधून, नांदगांवच्या वाड्यांमधून मुरुड आलें. राजपुरीजवळ जंजिरा दिसतांच आम्ही थांबलों. अर्थात् डावीकडे दगड पाहून. १६८२ सालीं संभाजीमहाराजांनीं पाण्यांत दगडांची भर घालून जमीनच त्या किल्ल्यापर्यंत नेण्याचा घाट घातला होता. तोंच औरंगजेबाच्या फौजा उतरल्या आणि तें काम अपुरें राहिलें.

मग आगरदांडा. तोच धक्का, तीच ओहोटी, तेंच शेवाळ. वरच्या सपाटीवर मीं गाडी थांबविली. सौ. या खेपेस कांहीं विचारीना. मागें मोटारींची रांग होती, बघेहि होते. मीं म्हटलें, “अगं, तूं उतर येथें. मी एकटा नेतों.” हें वाक्य तीन वर्षांपूर्वींहि इतकेंच लांब होतें. ती उतरली, पदर खोचून माझ्या पुढें चालूं लागली, आणि मध्येंच थांबून एका कोरड्या दगडावर चपलेनें दोनदां आपटून म्हणाली, “येथें टेका.” मीं तेथेंच डावा पाय टेकला. तरीची लोखंडी फळी खालीं आली आणि आम्ही आंत गेलों. दिघीस धक्का चढून झाल्यावर ती आपण होऊन मागें बसली.

दिवेआगर येथें सुवर्णगणेशाचें दर्शन झालें. १९९७ सालीं पोफळीच्या वाडींत सांपडलेली मूर्ति २०१२ सालीं चोरीस गेली होती; २०२१ सालीं सुवर्णगणेशाची मंदिरांत पुन्हां स्थापना झाली आहे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानें येथील वाड्या उताण्या पाडल्या होत्या. त्या जागीं नवीं रोपें पुरुषभर झालेलीं पाहून बरें वाटलें. तेथून शेखाडीवरून श्रीवर्धनास जाणारा रस्ता समुद्राला इतका खेटून जातो कीं, उजव्या कानांत लाट आणि डाव्या कानांत डोंगरांतली पांखरें ऐकूं येतात. १७१३ सालीं पेशवेपद मिळविणाऱ्या बाळाजी विश्वनाथांचें हें श्रीवर्धन. आणि पुढें हरिहरेश्वर. तेथील प्रदक्षिणेची वाट ओहोटींतच करावी लागते. खडकाच्या चिरेंतून पायऱ्या उतरत ती थेट लाटांपाशीं जाते. पायऱ्या उंच आहेत. तेथें आम्ही एकमेकांचा हात धरून उतरलों. तिचा तोच हात, मनगट आतां पक्कें आहे.

गाडी किती मिलिमीटर उतरविली, असें स्नेही विचारतात, तेव्हां मी वीस म्हणून सांगतों. सौ. आंतून म्हणते, “वीस गाडीचे, बाकीचे यांचे.” हरिहरेश्वराजवळच बागमांडल्याहून बाणकोटच्या खाडीपलीकडे वेशवीस तर जाते. पुढच्या माघांत तिकडे जाण्याचा बेत आहे.